हातपाय गरम होईपर्यंत: लाल विंचू, प्राझोसिन आणि न ठेवलेला तुलनेचा गट

कोकणात भातकापणी सुरू झाली की तालुक्याच्या रुग्णालयांत रात्री येणारे रुग्ण वाढतात. भारे खळ्यावर येतात, झोडणी होते, पेंढा पडवीत नाहीतर अंगणात रचला जातो. पेंढ्याखाली, गडग्याच्या दगडांत आणि जांभ्याच्या भेगांत राहणारा लाल विंचू मग कुणाच्या तरी अनवाणी पायाखाली येतो. खालचा प्रसंग मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्र शिकवताना वापरतो. तो कुणा एका रुग्णाचा नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात जे वर्षानुवर्षं घडत आलं, त्यावरून तो बांधला आहे. त्यामागचा औषधाचा इतिहास मात्र जसा घडला तसाच सांगितला आहे.

प्रसंग

रात्रीचे पावणेदोन. मुलगा सात वर्षांचा, वजन १६ किलो. आठच्या सुमारास पेंढ्यावर अंथरूण घालताना पायाच्या अंगठ्याला डसलं. वाडीपासून डांबरी रस्ता दीड तासाच्या उतारावर. मधला बराच वेळ विंचू उतरवणाऱ्याच्या दारात गेला. मग बाप आणि चुलता यांनी घोंगडीची डोली करून त्याला खाली आणलं आणि तिथून सहाआसनी रिक्षा मिळाली.

अंग घामाने निथळतंय. वाटेत तीन उलट्या झाल्या. तळहात-तळपाय गारठलेले. नाडी मिनिटाला १५२, रक्तदाब १४० वर १००. छातीत अजून पाण्याचा आवाज नाही. दुखतंय का, असं विचारल्यावर मुलगा मानेनेच नाही म्हणतो, आणि बापाला त्यातच धीर वाटतो. डॉक्टरला वाटत नाही. लाल विंचवाच्या दंशात ज्याला ठणका असह्य होतो आणि बाकी काहीच होत नाही, तो बहुधा तरतो. ज्याचा ठणका कमी आणि घाम, उलट्या, गारठा जास्त, त्याची काळजी करायची.

आई मुलाची चड्डी सोडू देत नव्हती. डॉक्टरने बायांना बाजूला करून बघितलं. लिंग ताठरलेलं होतं. लाजेपोटी तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण विष रक्तात भिनून स्वायत्त चेतासंस्थेपर्यंत, म्हणजे घाम, नाडी अशी कामं आपोआप चालवणाऱ्या नसांपर्यंत, पोचलं आहे, याची मुलग्यांमधली ही फार भरवशाची खूण आहे. (मुलींमध्ये ती नसते. मुलगी असेल तर घाम आणि गार तळवे दुप्पट काळजीने बघा, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो.)

या रुग्णालयात प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाच्या एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या आहेत. फ्रीजमध्ये विंचवाच्या प्रतिविषाच्या कुप्या आहेत. आणि समजा, तिथे एक अभ्यासही चालू आहे. निम्म्या रुग्णांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. कोण कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठी ठरवते. टेबलावर दोन पानी संमतीपत्र आहे. बापाला सही येते, वाचता फारसं येत नाही.

डॉक्टरने आधी अर्धी गोळी दिली. किलोला ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने १६ किलोला ४८० होतात, म्हणजे अर्ध्या गोळीच्या जवळच. दर तीन तासांनी पुन्हा, तळवे कोरडे आणि गरम होईपर्यंत. कागदाचं नंतर बघू, असं तो म्हणाला.

वर्गात हे ऐकून कुणीतरी हमखास विचारतं, "सर, संमती घेण्याआधी औषध दिलं, मग अभ्यासाच्या नियमांचा भंग नाही का झाला?" हा प्रश्न मला फार आवडतो. त्याचं उत्तर त्या अभ्यासाच्या आराखड्यातच आहे, आणि आराखडा समजायला चार-पाच दशकं मागे जावं लागतं.

विष काय करतं

लाल विंचवाचं विष पेशींवरच्या सोडियमच्या वाटा वेळेवर मिटू देत नाही. पोटॅशियमची एक वाट अडवणारं आयबेरिओटॉक्सिनही याच विंचवाच्या विषातून वेगळं काढलं गेलं. परिणामी चेतातंतू थांबायचं विसरतात. सुरुवातीला घाम, लाळ, उलट्या आणि कधी मंद नाडी. त्यानंतर अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून तळवे गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, फुप्फुसात पाणी साठतं, आणि शेवटी तोंडातून गुलाबी फेस येतो. अल्फा ग्राहकांच्या (पेशींवर ही रसायनं जिथे जाऊन बसतात, त्या जागांच्या) उत्तेजनाने इन्सुलिनचा स्रावही दबतो, त्यामुळे उपाशी हृदयावर आणखी बोजा पडतो.

मृत्यूचं कारण अशा तऱ्हेने विषापेक्षाही शरीराने विषाला दिलेल्या उत्तरात जास्त आहे. पूर सुटण्याआधी प्रतिविष पोचलं तर ते विषाला बांधून ठेवतं. पूर सुटल्यावर रक्तात उतरलेलं अ‍ॅड्रिनलिन त्याला परत घेता येत नाही.

बिरवाडी

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावसकर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ चं. त्या काळात पश्चिम महाराष्ट्रात विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात २५ ते ३० जण फुप्फुसात पाणी होऊन दगावत. त्यांत मुलं फार.

तेव्हा काय दिलं जायचं, याकडे जरा थांबून बघायला हवं. पेथिडीन, प्रोमेथाझीन आणि क्लोरप्रोमाझीन यांचं मिश्रण: रुग्ण शांत व्हावा म्हणून, पण श्वास मंदावण्याचा धोका पत्करून. घाम आणि लाळ थांबावी म्हणून अ‍ॅट्रोपिन: आधीच पळणाऱ्या हृदयाला आणखी पळवणारं. शिवाय स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीवरची इंजेक्शनं, ज्यांचा या विषाशी संबंध नव्हता. यांपैकी कशाचीही नीट चाचणी झालेली नव्हती. कुणी त्यासाठी संमती मागितली नाही, कुठल्या नैतिकता समितीने ते तपासलं नाही. रूढ उपचाराला कुणी पुरावा मागत नाही. पुरावा मागितला जातो तो नव्याला. माझ्या मते या प्रकरणातली पहिली नैतिक चूक हीच आहे, आणि ती एका डॉक्टरची नसून सगळ्या व्यवसायाची आहे.

बावसकरांनी आधी निरीक्षण केलं. रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या. घाम, उलट्या, ताठरलेलं लिंग आणि गार हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. मग वाहिन्या सैल करणाऱ्या औषधांकडे ते वळले. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजावा लागतो. आरोग्य केंद्रात एक परिचारिका आणि एक कंदील असताना ते रात्रभर चालवणं किती अवघड असेल, याची कल्पना केलेली बरी. प्राझोसिन ही तोंडाने घ्यायची गोळी. अमेरिकेत तिला रक्तदाबासाठी परवानगी मिळाली ती १९७६ सालीच. ती अल्फा-१ ग्राहक अडवते, आवळलेल्या वाहिन्या सैल करते, हृदयावरचा भार उतरवते आणि दबलेलं इन्सुलिन मोकळं करते. विषाने शरीरात जे केलं, त्याच्या बरोबर उलट. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढच्या काळात मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरल्याचं त्यांनी नोंदवलं. २०२२ साली डॉ. बावसकरांना पद्मश्री मिळाली.

गोष्ट इथे थांबवली तर गौरवगाथा होते. मला ती इथे थांबवायची नाही.

न ठेवलेला गट

प्राझोसिन रक्तदाबाचं औषध होतं. विंचूदंश त्याच्या परवान्यात नव्हता. ते विंचूदंशावर देणं म्हणजे ज्ञात औषध अज्ञात कामाला लावणं. असा उपयोग जगभर रोज होतो. पण तो खरंच चालतो का, हे सिद्ध करायचं तर रुढ शास्त्र सांगतं की निम्म्या रुग्णांना औषध द्या, निम्म्यांना देऊ नका, आणि मोजा.

हिशेब करून बघू. तुलनेच्या गटात गंभीर दंशाचे ५० रुग्ण ठेवले आणि जुन्या उपचारांवर मृत्यूचं प्रमाण शंभरात २५ ते ३० धरलं, तर १२ ते १५ मृत्यू आपण सुरुवातीलाच मान्य करून बसतो. नावं तेवढी माहीत नसतात. डॉक्टर मात्र त्याच तालुक्यात राहतो, बाजारात त्याच लोकांना भेटतो. गारठलेले तळवे दोन मात्रांनंतर गरम होताना ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याने पुढच्या मुलाला चिठ्ठी टाकून साधी सलाइन लावायची का?

माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. जीव वाचण्याची आशा दिसत असेल तर डॉक्टरला नवा उपाय वापरण्याचं स्वातंत्र्य असलं पाहिजे, हे त्यात पहिल्यापासून आहे. १९८७ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक बेंजामिन फ्रीडमन यांनी आणखी एक कसोटी दिली: एका डॉक्टरला काय वाटतं हा प्रश्न नाही, जाणकारांच्या समूहात प्रामाणिक मतभेद आहे का हा आहे. मतभेद असेल तर चिठ्ठी टाकणं अन्याय ठरत नाही. या कसोटीवर १९८६ सालचं प्राझोसिन कुठे बसतं? मुंबईतल्या किंवा परदेशातल्या हृदयरोगतज्ज्ञाच्या मनात शंका असणं स्वाभाविक होतं. महाडच्या डॉक्टरच्या मनात ती उरली नव्हती. मग कुणाची शंका मोजायची? शंका घ्यायला दूर बसलेला माणूस मोकळा असतो. तिची किंमत वाडीवरचं पोर देतं. तुलनेचा गट ठेवला नाही, हे बरोबर झालं असं मी मानतो, आणि ते वर्गात ठामपणे सांगतो.

पण ठाम असताना त्याची किंमतही सांगावी लागते. पूर्वीच्या वर्षांशी आजची तुलना करून केलेला दावा कुठे लटपटतो, ते बघा. महाडला औषध आहे, ही बातमी पसरल्यावर पूर्वी घरीच राहणारे सौम्य रुग्णही यायला लागतात. एकूण रुग्णांचा आकडा, म्हणजे भागाकारातला छेद, वाढतो आणि मृत्यूचं प्रमाण आपोआप घटतं. रस्ते होतात, रुग्ण दोन तास लवकर पोचतो. अ‍ॅट्रोपिन आणि ते जुनं मिश्रण बंद होतं, म्हणजे अपाय करणारं काहीतरी काढून घेतलं जातं, आणि त्याचंही श्रेय नव्या गोळीच्या खात्यावर पडतं. सतत जवळ बसणारा डॉक्टर हासुद्धा एक उपचारच आहे. २५-३० वरून १ हा फरक एवढा मोठा आहे की या सगळ्याने तो पुसला जात नाही. पण त्यातला नेमका किती प्राझोसिनचा, हा आकडा आपल्याजवळ कधीच येणार नाही. म्हणूनच दंशाची प्रतवारी करून नोंद ठेवणं इतकं मोलाचं ठरलं: नुसता ठणका, स्वायत्त वादळ, फुप्फुसात पाणी, आणि त्यापुढची कोसळलेली अवस्था. सारख्याची तुलना सारख्याशी व्हायला निदान तेवढं तरी हवं.

हेलसिंकी जाहीरनाम्याने पुढे या स्वातंत्र्याला एक देणं जोडलं. सिद्ध न झालेला उपाय वापरला तर तो नंतर संशोधनाचा विषय करावा, नोंद ठेवावी, योग्य तिथे ती जाहीर करावी. आधी यात ‘शक्य असल्यास’ असे शब्द होते. २०१३ च्या सुधारणेत ते गेले. वापरायचं स्वातंत्र्य आज घ्यायचं आणि तपासायचं देणं बुडवायचं, असं चालणार नाही, हा त्याचा अर्थ. आपल्या भागात अनेक चांगले डॉक्टर याच जागी कमी पडतात. मी स्वतः तरुणपणी एका ग्रामीण रुग्णालयात काम केलं. तिथे एका वरिष्ठांचं सर्पदंशावरचं स्वतःचं गणित होतं, ते खूप रुग्णांवर वापरलं गेलं, आणि ते निवृत्त झाले तेव्हा एका ओळीची नोंद मागे राहिली नाही. ते बरोबर होते की चूक, आता कुणालाही सांगता येणार नाही. त्या रुग्णांनी जे सोसलं त्यातून पुढच्या रुग्णाला काहीच मिळालं नाही, ही गोष्ट मला अजून सलते.

प्रतिविषाचा पेच

आता दुसरा प्रश्न. मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवाच्या विषावर घोड्याच्या रक्तातून प्रतिविष तयार केलं. ते वापरायचं का?

इथे शंका खरी होती आणि सगळ्यांची होती. १९९९ साली ट्युनिशियातल्या ८२५ रुग्णांच्या चाचणीत प्रतिविषाचा काही फायदा दिसला नाही. पण तिथला विंचू वेगळा, आणि त्या रुग्णांत सौम्य दंशाचे मोठ्या संख्येने होते. २००९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातून अगदी उलटा निकाल आला. १५ मुलांपैकी प्रतिविष मिळालेली आठही चार तासांत लक्षणमुक्त झाली. ज्यांना ते मिळालं नाही त्या सातांपैकी एकच झालं. विंचू तिथलाही वेगळा, विषाचा रोखही मुख्यतः स्नायू आणि चेतातंतूंवर. शिवाय घोड्याच्या प्रथिनाची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, प्रतिविषाला पैसे पडतात, फ्रीज लागतो.

अ‍ॅरिझोनाच्या त्या सात मुलांना प्रतिविषाऐवजी निरुपद्रवी द्रव दिला गेला. ती मुलं अतिदक्षता विभागात होती, त्यांना झोपेचं औषध दिलं जात होतं, श्वासाला यंत्राचा आधार हाताशी होता. तोच आराखडा जसाच्या तसा उचलून आपल्या तालुक्यात आणला, तर शब्द तेच राहतील आणि अर्थ बदलेल. तिथल्या ‘काही न देण्या’खाली केवढा आधार होता! इथे त्याखाली कातळ आहे.

महाडच्या चाचणीचा आराखडा म्हणूनच मला मोलाचा वाटतो. बावसकरांची ही चाचणी २०११ च्या जानेवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. ७० रुग्ण, दोन्ही गटांत ३५. सगळ्यांना प्राझोसिन. चिठ्ठीने ठरलं ते एवढंच, की त्यावर प्रतिविष द्यायचं की नाही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, प्रतिविष आणि प्राझोसिन मिळालेल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनवरच्यांत ३५ पैकी ८. बरं व्हायला सरासरी ८ तास विरुद्ध १७.७ तास. पुढच्या गंभीर अवस्थेत जाण्यापासून रोखण्यात मात्र दोन्ही गट सारखेच ठरले.

हे शेवटचं वाक्य विद्यार्थी गाळतात, म्हणून मी ते दोनदा वाचायला लावतो. प्रतिविषाने माणूस लवकर बरा झाला. प्राझोसिनवरचाही बरा झाला, उशिरा. म्हणजे ज्या आरोग्य केंद्रात प्रतिविष नाही, तिथल्या डॉक्टरने हात वर करून रुग्णाला पुढे पाठवायचं कारण नाही. गोळी द्यावी आणि मग हवं तर पाठवावं. आणि जिथे ते आहे तिथे दहा तास वाचतात. मोलमजुरी करणाऱ्या बाईला रुग्णालयातला एक दिवस कमी होणं ही छोटी गोष्ट नाही.

चाचणीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. ती झाकलेली नव्हती. कुणाला काय दिलं हे डॉक्टरला माहीत होतं, आणि ‘पूर्ण बरा’ हे ठरवायला डोळा आणि हात लागतो. जागा एकच. आणि ज्यांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं ते रुग्ण तिच्यात घेतलेच नव्हते. मध्यरात्री गुलाबी फेसासह आलेल्या मुलाला प्रतिविषाचा किती उपयोग, याचं उत्तर या आकड्यांतून काढू नये.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. हे सगळं एका छोट्या शहरातल्या रुग्णालयाला करावं लागलं. प्राझोसिन जुनं, स्वस्त औषध. विंचूदंशासाठी त्याची चाचणी करून कुठल्याच कंपनीचं भलं होणार नव्हतं. लाल विंचू चावतो तो भातकापणीला वाकलेल्या, लाकूडफाटा वेचणाऱ्या, मातीच्या घरात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला. त्याच्या आजाराला बाजार नाही, म्हणून संशोधनही नाही. मग जो उपचार करतो त्यालाच मोजावं लागतं, आणि एकाच माणसाच्या अंगावर दोन अंगरखे चढतात: डॉक्टरचा आणि संशोधकाचा.

कागद

त्या अंगरख्यांचा ताण दिसतो तो संमतीच्या वेळी. रात्री अडीचला डॉक्टर बापाशी बोलायला बसला.

"बाबा, गोळी दिली आहे. ती सगळ्यांनाच देतो. आता एक इंजेक्शन आहे, विषावरचं. त्याने पोर लवकर बरं होतं का, ते आम्ही बघतोय. कुणाला ते द्यायचं, ते चिठ्ठी टाकून ठरतं. मी ठरवत नाही."

"डाक्टरसायब, तुमी द्याल ते द्या. पोर वाचू दे म्हंजे झालं."

हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक डॉक्टरने ऐकलं आहे. त्यात विश्वास आहे, आणि विश्वास ही मोठी गोष्ट आहे. पण ही संमती नव्हे. बापाला वाटतंय की डॉक्टर त्याच्या पोरासाठी उत्तम ते निवडतोय, आणि डॉक्टर तर नुकतंच सांगून बसला की निवड चिठ्ठी करणार. ही गाठ तशीच ठेवून सही घेतली तर कागद पक्का होईल, संमती कच्चीच राहील.

डॉक्टरने पुन्हा विचारलं, "मी काय म्हणालो, ते तुम्ही तुमच्या भावाला सांगा बघू."

चुलत्याला सांगताना बाप अडखळला. "चिट्टी टाकनार... म्हंजे इंजेक्शन भेटल बी, नाय बी."

"नाही भेटलं तर?"

"गोळी हायेच."

"आणि तुम्ही नको म्हणालात तर?"

बाप गप्प. हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारलाच नव्हता. डॉक्टर म्हणाला, "तरी गोळी आहेच. आणि गरज पडली तर मी माझ्या हिशेबाने ते इंजेक्शनही देईन. कागदावर सही केली नाही म्हणून मी रागावणार नाही, पोराकडे कमी बघणार नाही."

संमतीचं खरं काम या चार वाक्यांत झालं, आणि ते शक्य झालं कारण पोराच्या पोटात गोळी आधीच गेली होती. मघाच्या प्रश्नाचं उत्तर ते. प्राझोसिन चिठ्ठीत नव्हतंच. ते उपचार होतं, अभ्यास नव्हे. त्यामुळे संमतीची वाट बघत जीव टांगणीला लावायची वेळ आली नाही, आणि ‘सही कर, मग औषध’ असा छुपा धाकही उरला नाही. आराखडा नीट असला की संमतीला श्वास घ्यायला जागा मिळते.

नियमांबद्दल थोडक्यात. बिरवाडीच्या सुरुवातीच्या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं नैतिकतेचं धोरणही आलं नव्हतं. ते १९८० चं. सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २००० ची, मग २००६, २०१७. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. २०१९ च्या नव्या नियमांनुसार परवाना असलेलं औषध नव्या आजारासाठी निव्वळ शैक्षणिक अभ्यासात तपासायचं, तर मुख्यतः नैतिकता समितीची मंजुरी लागते. आज एखाद्या तरुण डॉक्टरला सावंतवाडीत किंवा श्रीवर्धनला असं काही तपासायचं असेल तर वाट आहे. समिती मात्र शोधावी लागेल, आणि तिच्यात वाडीवरची भाषा समजणारा एक तरी माणूस असेल हे बघावं लागेल.

पहाट

पावणेपाचला दुसरी मात्रा. त्याआधी एक घाबरवणारा क्षण आला. मुलगा रडायला लागला आणि आईने त्याला उचलून खांद्याला लावला. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर उभं केलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. परिचारिका धावली, पोराला आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. डॉक्टरने सगळं समजावलं होतं. हे एवढंच आईला सांगायचं राहिलं होतं. चर्चा बापाशी झाली आणि पोर होतं आईच्या हातात. माहिती कुणाला द्यायची, याचं उत्तर संमतीपत्राच्या सहीच्या रकान्यात सापडत नाही. मूल ज्याच्या हातात आहे त्याला ती आधी द्यायची.

सकाळी आठला तळवे कोमट, कोरडे. नाडी ११०.

घरी जाताना बापाने विचारलं, "सायब, त्यातल्या दोन गोळ्या द्या की. वाडीत परत कुनाला चावला तर? खाली येईस्तोवर रात जाते."

दरवर्षी वर्ग इथे दुभंगतो. द्याव्यात म्हणणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही: वेळ हाच तर या दंशातला वैरी, आणि डोलीचे दोन तास कुठलंही रुग्णालय परत देऊ शकत नाही. माझं मत असं. घरात ठेवायला गोळी देऊ नये. काळ्या इंगळीच्या नुसत्या ठणक्यालाही ती दिली जाईल, मोठ्या माणसाची मात्रा पोराला जाईल, दुकानातून कुणी पोटात हळूहळू औषध सोडणारी गोळी आणून तिचे तुकडे करेल, आणि गोळी घेतलेला माणूस उठून चालायला लागेल. पण वाडीच्या जवळच्या उपकेंद्रात, आरोग्यसेविकेजवळ, ती असायलाच हवी. चार खुणा तिला शिकवाव्यात: घाम, उलट्या, गार तळवे, मुलग्यांत ती चौथी. पहिली मात्रा द्यावी, डोलीत आडवं झोपवूनच न्यावं, वेळ चिठ्ठीवर लिहावी. आणि अशा प्रत्येक मात्रेची नोंद वहीत व्हावी, म्हणजे हे माझं मत चुकीचं असेल तर तेही कळेल.

डॉक्टरने गोळ्या दिल्या नाहीत. त्याने बापाला उपकेंद्राच्या सेविकेच्या नावाने एक चिठ्ठी लिहून दिली आणि विचारलं, "त्या ताई वाडीवर कधी येतात?"

"मंगळवारी," बाप म्हणाला. "पाऊस नसला तर."